पोळ्या लाटणारा हात : जुनाट कोपरदुखीचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका पोळी-भाजी केंद्रात काम करणाऱ्या ताईंचं हे प्रकरण आहे. वय ४४, उंची ४ फूट १० इंच, उजव्या हाताच्या. सकाळी केंद्रात रोज साधारण २०० घडीच्या पोळ्या, संध्याकाळी दोन घरांचा स्वयंपाक आणि त्यानंतर स्वतःचं घर. फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात कोपराच्या बाहेरच्या बाजूपासून मनगटाच्या पाठीपर्यंत सात-आठ महिने दुखत होता. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अशा दुखण्यात सर्रास दिला जाणारा सल्ला ताईंनाही मिळाला होता : "हाताला आराम द्या." दर पोळीमागे पैसे मिळणाऱ्या बाईला हा सल्ला पाळता येत नाही. आणि समजा पाळला, तरी एवढ्या जुन्या दुखण्यात नुसत्या आरामानं हात परत कामाचा होत नाही. काम चालू ठेवून, कामातच फेरफार करून काय साधतं ते या प्रकरणात नीट दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

दुखणं कसं वाढत गेलं

सुरुवात दिवाळीत झाली. केंद्राला फराळाची मोठी ऑर्डर होती आणि चकल्यांचा सोऱ्या ताईंच्या हातात होता. पीठ घट्ट, सोऱ्या दांडा फिरवून दाबायचा. तीन-चार दिवस सलग ते काम झालं आणि भाऊबीजेच्या सुमारास कोपर ठणकायला लागलं. तिळाचं तेल चोळून झालं, निरगुडीचा पाला गरम करून बांधून झाला. शेकानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग एका मालीशवालीनं दुखऱ्या जागी अंगठ्यानं जोरात दाबून 'शीर मोकळी' केली, त्यानंतर दोन दिवस हात उचलवेना.

डिसेंबरमध्ये कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. चार दिवसांत कळ पूर्ण गेली. हात बरा झाला असं समजून त्यांनी संक्रांतीच्या गुळपोळ्यांचं काम पूर्ण वेगानं अंगावर घेतलं. गुळपोळीचं सारण कडेपर्यंत पोचवायचं तर लाटणं दाबून फिरवावं लागतं, साध्या पोळीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. जानेवारीअखेर दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा मोठं. होळीच्या पुरणपोळ्या कशाबशा झाल्या आणि लगेच दुसरं इंजेक्शन झालं. त्याचा गुण महिनाभरच टिकला. इंजेक्शनच्या जागी कातडी पांढुरकी आणि थोडी खोलगट झाली होती. हा स्टेरॉइडचा माहितीतला परिणाम आहे. त्यानं धोका नसतो, पण ताईंना ते कोडच वाटलं होतं आणि त्या महिनाभर मनातून घाबरलेल्या होत्या. हे त्यांना कुणी तरी आधी सांगायला हवं होतं.

जूनमध्ये माझ्याकडे आल्या तेव्हाची त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत : "मॅडम, लाटणं धरवतं, पण चहाचा कप उचलवत नाही. हात गळून जातो. परवा हातातून दुधाचं पातेलं सुटलं." रात्री कूस बदलताना जाग येत होती. दोन महिने रोज मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, तीही बऱ्याचदा उपाशीपोटी, त्यामुळे छातीत जळजळ.

इंजेक्शनबद्दल इथेच लिहिते, कारण पुढच्या सगळ्या आखणीचा त्याच्याशी संबंध आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियात अशाच कोपरदुखीच्या १६५ रुग्णांचा वर्षभर अभ्यास केला, तो २०१३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. वर्षअखेर पूर्ण बरे किंवा खूप बरे झालेले रुग्ण स्टेरॉइड घेतलेल्यांत ८३ टक्के होते, औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांत ९६ टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण तर स्टेरॉइडवाल्यांत ५४ टक्के आणि दुसऱ्या गटात १२ टक्के होतं. ताईंच्या बाबतीत डिसेंबर ते मार्च जे घडलं ते या आकड्यांशी जुळणारं आहे. कळ जाते, म्हणून माणूस कामाला लागतो, आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तर अजून तयार झालेली नसते. तिसरं इंजेक्शन घ्यायचं नाही, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून पहिल्याच आठवड्यात ठरलं.

तपासणीत काय सापडलं

ताईंच्या पिशवीत मानेचा एक्स-रे होता, त्यावर मणक्यांची झीज लिहिलेली. चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांच्या एक्स-रेत अशी झीज दिसते आणि त्यातल्या अनेकांना काहीच त्रास नसतो. ताईंची मान सगळीकडे नीट वळत होती. मान मागे-तिरकी करून वरून दाब दिला तरी हातात कळ उतरत नव्हती. दंड, मनगट, बोटं यांची ताकद आणि संवेदना ठीक होत्या. मनगट पूर्ण वाकवून धरलं तरी अंगठा, तर्जनी, मधलं बोट इथं मुंग्या येत नव्हत्या, म्हणजे मनगटातली शीर दाबली गेल्याची खूण नव्हती. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं तेव्हाही अंगठ्याच्या मुळाशी दुखलं नाही.

दुखलं ते नेमकं तीन गोष्टींनी : कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट दाबलं की, मूठ वळून मनगट वर उचलताना मी विरोध केला की, आणि मधलं बोट सरळ वर धरायला सांगून ते खाली दाबलं की. यातला तिसरा प्रकार रेडियल नस (मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवणारा मज्जातंतू) कोपराखाली अडकली तरी दुखतो, पण तेव्हा सर्वांत दुखरी जागा उंचवट्याच्या चार-पाच सेंटीमीटर खाली असते. ताईंची थेट उंचवट्यावर होती. निदान झालं टेनिस एल्बो. त्यात मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंच्या सामाईक कंडरेचा, विशेषतः एक्स्टेन्सर कार्पी रेडिअॅलिस ब्रेव्हिस या स्नायूच्या मुळाचा दोष असतो. हातभर पसरलेली दुखरी जडता हे त्याच स्नायूंचं सततचं आखडणं होतं.

वेदना सुरू होईपर्यंत किती जोरानं मूठ आवळता येते तेही मोजलं. डाव्या हाताची २१ किलो, उजव्याची ८. पुढे मी प्रगती याच आकड्यानं मोजली. "आज किती दुखतंय" या प्रश्नाचं उत्तर झोप, मन, पाऊस, घरातलं भांडण यांनी बदलतं, मुठीचा आकडा त्या मानानं स्थिर असतो. कोपराच्या त्रासाची १०० गुणांची जी प्रश्नावली वापरतात, तीत ६४ गुण आले. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त.

रक्ततपासणीत साखर आणि थायरॉइड ठीक निघाले. या दोन्हींत बिघाड असला तर हातांची दुखणी लवकर जडतात आणि रेंगाळतात, म्हणून बघायला हवंच. हिमोग्लोबिन मात्र ९.८ होतं. "हात गळून जातो" यात त्याचा वाटा असणार असं धरून त्यांना डॉक्टरांकडे लोहाच्या गोळ्यांसाठी पाठवलं. रोजची वेदनाशामक गोळीही डॉक्टरांनी थांबवली आणि लावायचं जेल दिलं.

ओट्याशी उभं राहून पाहिलेलं

खरी उत्तरं मला केंद्राच्या स्वयंपाकघरात मिळाली. हे काम खरं तर व्यवसायोपचार तज्ज्ञांचं (ऑक्युपेशनल थेरपिस्टचं), पण त्या भागात तसं कुणी उपलब्ध नव्हतं. मालकीणबाईंनी परवानगी दिली आणि एक सकाळ मी तिथं बसून राहिले.

२०० पोळ्यांना साधारण ६ किलो कणीक लागते. ताई ती एका मोठ्या परातीत एकदम भिजवत आणि लगेच जोर लावून मळत. पाणी धरून तो गोळा १० किलोच्या आसपास जातो. मग लाटणं. घडीची पोळी दोनदा लाटावी लागते, एकदा छोटी आणि तेल लावून घडी घातल्यावर मोठी. एका पोळीला २५ ते ३० वेळा लाटणं पुढेमागे होत होतं. २०० पोळ्यांचे होतात पाच-सहा हजार फेरे, आणि तेही मधे हात न बदलता, कारण वेगासाठी कामाची वाटणी पक्की ठरलेली होती. ताई लाटणार, दुसऱ्या ताई भाजणार.

ओटा ८४ सेंटीमीटर उंच, त्यावर पोळपाट ६ सेंटीमीटर. म्हणजे लाटणं फिरतं जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर, आणि ताईंचं कोपर उभ्यानं ९२ वर. हातानं जोर लावायचं काम कोपरापेक्षा किमान १०-१५ सेंटीमीटर खाली असावं, जास्त जोराचं असेल तर आणखी खाली. ताईंचं काम जवळजवळ कोपराच्या रेषेत होतं. त्यामुळे अंगाचं वजन लाटण्यावर येतच नव्हतं. खांदे कानाकडे ओढलेले, मनगटं मागे वळलेली, आणि सगळा दाब मनगटाच्या स्नायूंतून. लाटणं मुठीचं, जाड, दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या.

मूठ आवळली की मनगट खाली वाकू नये म्हणून वर उचलणारे स्नायू आपोआप ताणून धरतात. आपण मनगट उचलत नसलो तरी प्रत्येक घट्ट पकडीत ते राबतात. म्हणूनच कप उचलताना कळ येते, आणि म्हणूनच 'हात जपते आहे, जड काही उचलत नाही' असं सांगणाऱ्या बाईचं कोपर दिवसभर राबत असतं. ताईंना हे हातावर बोट ठेवून दाखवलं. स्वतःची मूठ आवळताना दुखऱ्या जागेखालचा स्नायू टणक होतो हे त्यांनी चाचपून पाहिलं, आणि त्यानंतर मला फारसं पटवावं लागलं नाही.

कामात केलेले बदल

पहिला बदल पायाखाली. १० सेंटीमीटर उंचीचा, रुंद, न डुगडुगणारा लाकडी पाट ओट्याशी ठेवला. कोपर १०२ वर गेलं, पोळपाट त्याच्या १२ सेंटीमीटर खाली आला. खांदे त्याच दिवशी खाली उतरलेले दिसले. पाट घसरू नये म्हणून खाली रबर लावलं, ओल्या फरशीवर ते आवश्यकच आहे.

दुसरा बदल कणकेत. पीठ दोन-दोन किलोच्या तीन भागांत भिजवायचं. पाणी घालून नुसतं एकत्र करायचं आणि ओल्या फडक्याखाली २० मिनिटं ठेवून द्यायचं. पाणी मुरलं की पिठातलं ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन) आपोआप जुळायला लागतं, नंतर थोड्याच मळण्यात कणीक लुसलुशीत होते. कणीक झाकून ठेवावी हे ताईंना ठाऊक होतंच, पण त्या आधी पूर्ण मळून मग झाकत. क्रम उलटा केला आणि मळण्याचे कष्ट त्यांच्या अंदाजानं निम्म्यावर आले. पोळ्या बिघडतील अशी मालकीणबाईंना धास्ती होती. तशी एकही तक्रार आली नाही.

लाटणं बदललं. मुठी नसलेलं, मधे किंचित फुगीर, पातळ लाटणं घेतलं, जे आवळून न धरता उघड्या तळव्याखाली फिरतं. जुनी सवय मोडायला त्यांना बरेच दिवस लागले. घाई झाली की बोटं पुन्हा आवळली जायची. भाजणाऱ्या ताईंनी ते पाहिलं की "मूठ सोड गं" म्हणायचं, असं दोघींनी ठरवून घेतलं.

सर्वांत अवघड बदल वाटणीचा होता. पाऊण तासानं लाटणारी आणि भाजणारी यांनी जागा बदलायच्या, असं मी सुचवलं. दुसऱ्या ताईंचा लाटण्याचा वेग कमी, म्हणजे एकूण पोळ्या कमी, म्हणजे दोघींचे पैसे कमी. यावर बरीच बोलणी झाली. शेवटी मालकीणबाईंनी दर पोळीचा हिशेब दोघींच्या नावे एकत्र ठेवायला मान्यता दिली आणि पहिले तीन आठवडे ताईंच्या वाट्याला १२० पर्यंत पोळ्या ठेवल्या, बाकी वेळ भाजणं आणि डबे भरणं. मालकीणबाई तयार झाल्या यामागे दयेपेक्षा हिशेब होता. ताई गेल्या तर गणपतीआधी तशी लाटणारी मिळणार नव्हती. मला त्यात गैर काही वाटत नाही. हिशेबावर टिकलेली व्यवस्था पुढेही टिकते.

घरातले बदल थोडक्यात : जड वस्तू तळवा वर करून, खालून आधार देऊन उचलायची, कप पूर्ण पंजानं धरायचा, कपडे पिळायचे नाहीत, निथळत टाकायचे किंवा मुलानं पिळायचे. मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला एकदा सोबत बोलावून मुठीचा ८ चा आकडा दाखवला, त्यानंतर बादल्या आणि कपडे त्याच्याकडे गेले.

कोपराच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली बांधायचा पट्टा फक्त लाटताना वापरला. झोपताना नाही, दिवसभर नाही.

व्यायाम

जुनाट टेनिस एल्बोत सूज फारशी नसते. कंडरेचे तंतू एरवी सुताच्या लडीसारखे एका दिशेनं असतात, ते विस्कटतात. त्यांना पुन्हा सरळ रचायला मोजका, हळूहळू वाढत जाणारा ताण लागतो. जेल, शेक, पट्टा यांनी दिवस सुसह्य होतो, तंतू मात्र रचले जात नाहीत.

सुरुवातीला हालचाल नसलेला व्यायाम. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर सरळ, हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली. ४५ सेकंद नुसतं धरायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं पाच वेळा, रोज कामाआधी. अनेकांना यानं लगेच थोडं हलकं वाटतं, ताईंनाही वाटलं.

चौथ्या आठवड्यापासून हालचाल. कापडी पिशवीत एक किलोची मिठाची पुडी, पिशवीचे बंद मुठीत. तीन सेकंदांत मनगट वर, चार सेकंदांत खाली, १० ते १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. सोबत खांद्याच्या पाठीमागच्या स्नायूंसाठी रबरी पट्टा ओढणं, कारण खांदा लवकर थकला की सगळा भार मनगटावर येतो.

वजन कधी वाढवायचं याचा नियम त्यांना तोंडपाठ होता : व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्यापेक्षा वाढलेलं नको. वाढलं तर एक पायरी खाली, बंद नाही. सलग दोन आठवडे ठीक गेले तर अर्धा किलो वर. आठ महिने दुखणं सोसलेल्या माणसाला प्रत्येक कळ म्हणजे काहीतरी तुटलं असं वाटत असतं. या नियमानं ती भीती हळूहळू गेली, आणि माझ्या मते मीठ वाढवण्याइतकाच त्याचा उपयोग झाला.

गणपतीतला फटका

ऑगस्टअखेर मूठ १५ किलोवर आली होती, रात्रीची जाग थांबली होती. मग उकडीच्या मोदकांचं काम आलं. गरम उकड मळणं आणि पाकळ्या काढताना तीन बोटांची सतत चिमट. चौथ्या दिवशी दुखणं दहापैकी सातवर गेलं आणि ताई रडत आल्या, "परत पहिल्यासारखं झालं." तपासलं तर मूठ १२ किलो. म्हणजे घसरण होती, पण जूनमधल्या ८ वर हात गेला नव्हता. हा आकडा दाखवल्यावर त्या शांत झाल्या. आठवडाभर फक्त बाटली धरण्याचा व्यायाम, लाटणं निम्मं. तीन आठवड्यांत पुन्हा १५.

यानंतर आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. दिवाळीचा सोऱ्या, संक्रांतीची गुळपोळी, होळीची पुरणपोळी, गणपतीचे मोदक. ताईंच्या दुखण्याचे सगळे चढ या चारांवर बसले होते. वर्षभराच्या रोजच्या पोळ्यांची हाताला सवय असते. कंडरेला खटकते ती एकाएकी आलेली वाढ. म्हणून प्रत्येक सणाच्या चार आठवडे आधीपासून मिठाचं वजन थोडं वाढवायचं, ऑर्डर दोन-तीन दिवसांऐवजी आठवडाभर पसरायची, आणि सणाच्या आठवड्यात संध्याकाळच्या दोन घरांपैकी एकाला सुट्टी सांगायची असं ठरलं. वारंवार तक्रार केल्यावर दिवाळीत चकल्यांसाठी केंद्रानं लिव्हर दाबायचं चकलीयंत्र आणलं.

पुढे

जानेवारीत, गुळपोळ्या संपल्यावर, तपासलं. उजवी मूठ १९ किलो, डावी २२. प्रश्नावलीत १४ गुण. व्यायामाचं वजन ३ किलो. हिमोग्लोबिन ११.६. संक्रांतीच्या आठवड्यात दुखणं दहापैकी तीनपर्यंत गेलं आणि चार दिवसांत उतरलं. ओला टॉवेल पिळताना अजून टोचतं, आणि कातडीवरचा पांढुरका डाग फिका झाला आहे, गेलेला नाही. वेदनाशामक गोळी जुलैपासून नाही.

उपचाराशिवायही टेनिस एल्बोचे बहुतेक रुग्ण वर्ष-दीड वर्षात बरे होतात, त्यामुळे सगळं श्रेय माझ्या आखणीला देता येणार नाही. पण त्यातल्या अनेकांनी हातावरचा भार कमी केलेला असतो. ताईंनी याच काळात पोळ्यांची संख्या सप्टेंबरअखेर परत २०० वर नेली, आता तो आकडा दोघींच्या बदलीनं होतो.

व्यायाम आठवड्यातून दोनदा कायम ठेवायला सांगितला आहे. हातात मुंग्या, अंगठ्याच्या मुळाचा स्नायू खपाटीला जाणं, बोटं अचानक न उचलणं, किंवा हात स्थिर असतानाही रात्रभर न थांबणारी कळ, यातलं काही दिसलं तर सणाची वाट न पाहता यायचं आहे. केंद्रातल्या दुसऱ्या ताईंची उंची ५ फूट ४ इंच. त्या लाटायला उभ्या राहिल्या की पाट पायानं ओट्याखाली सरकवतात. त्यांच्या उजव्या हाताचीही मूठ आम्ही मोजून ठेवली आहे, २४ किलो. होळीच्या ऑर्डरी घेण्याआधी दोघींनाही पुन्हा मोजायचं आहे.